वडील म्हणतात गोवा नको, कारवार! दोन दिवसांत काय काय होईल?

येळ्ळूर_वेस

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर दोन दिवस मोकळे मिळालेत. घरात समुद्रावर जायचं ठरलं. आपल्या बेळगावात समुद्र म्हटलं की गाडीचं तोंड आपसूक चोर्ला नाहीतर अनमोड घाटाकडं, म्हणजे गोव्याकडं वळतंय. ह्यावेळी वडील आडवे आले. "गोवा पुरे झाला. कारवारला जाऊया."

वडील महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते. "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत देऊन देऊन त्यांचा घसा बसायचा. आमच्या घरातल्या पोरांनाही ती पाठ आहे. आणि परवा कळालं की त्यातलं कारवार त्यांनी बघितलेलंच नाही! निपाणी रोजचीच, बिदर-भालकी कुणाच्यातरी लग्नाच्या निमित्तानं झाली, कारवार तेवढं राहिलं.

तर सांगा. वडील सत्तरीच्या पुढचे, चालतात, पण मोठा चढ नको. आई शाकाहारी. बायकोला मासे पाहिजेतच. पोरगा पाचवीत, पोरगी बालवाडीत. गाडी घरची. रस्ता कुठला धरावा, काय बघावं, आणि मुख्य म्हणजे कुठं उगीच वेळ घालवू नये?

तिसरं_गेट

कारवारात काय ठेवलंय रे? एक बीच, त्याच्यावर एक जहाज, झालं. दोन तासांत गाव फिरून होतंय. त्यापेक्षा सरळ पणजी गाठ. फोंतेन्हासच्या गल्ल्या, जुन्या गोव्याची चर्चेस, मांडवीतली फेरी, संध्याकाळी मिरामार. पोरं खूष, वैनी खूष. वडिलांना सांग की कारवार बंद आहे.

शहापूरची_सून

तिसरं गेटदादा, दोन तासांत गाव फिरून होतं हे मान्य. माझं माहेर त्याच बाजूचं, त्यामुळं मी सांगू शकते. कारवार "पॉइंट" बघत फिरायचं गावच नव्हे. एका हाताला समुद्र, एका हाताला काळी नदी, पाठीमागं सह्याद्री, आणि मध्ये चिंचोळं गाव. सकाळी बंदरावर, दुपारी जेवून गार फरशीवर आडवं व्हायचं, संध्याकाळी वाळूत. ज्याला हे जमत नाही त्यानं पणजीलाच जावं, तिथं करायला भरपूर आहे.

येळ्ळूर वेस, आईंना घेऊन जाताय ना? मग त्यांचं आधार कार्ड घ्या. गाडीत जागा कमी पडली तर आई आणि बायको लाल बसनं फुकट येतील. शक्ती योजना २०२३ च्या जूनपासून आहे, साध्या बसला कर्नाटकातल्या बायकांना तिकीट शून्य. हे सुख गोव्याच्या कदंबा बसमध्ये नाही. माझी सासू आयुष्यभर कारवारला यायला कुरकुरायची, आता तिकीट शून्य झाल्यापासून माझ्या माहेरी माझ्यापेक्षा जास्त तीच असते.

जांबोटी_क्रॉस

रस्त्याचं मी सांगतो, कारण बाकीचे गूगल बघून सांगणार.

घरची गाडी असली तर खानापूर, रामनगर, जोयडा, कुंभारवाडा, अणशी, कद्रा असं उतरा. रामनगरपर्यंत गोव्याचाच रस्ता. तिथं गोव्याची सगळी गर्दी अनमोडकडं निघून जाते आणि तुम्ही डावीकडं जंगलात शिरता. पेट्रोल रामनगरात भरून घ्या. अणशीच्या आसपास मोबाइलची रेंज जाते-येते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. तो सगळा काळी व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. गाडी थांबवून माकडांना बिस्किटं घालणारी आपलीच माणसं असतात, तेवढं करू नका.

अणशी घाट वळणावळणाचा आहे. पोरगी लहान आहे म्हणता, तर घाटाच्या आधी पोटभर खायला घालू नका. पावसाळ्यात ह्या घाटात दरडी येतात, तेव्हा मी कुणालाही तिकडनं पाठवत नाही. दिवाळीनंतर काही भीती नाही, उलट ओढे अजून वाहते असतात. चार तास धरा. लवकर पोचायच्या नादात घाट पळवू नका.

आणि वडिलांना वाटेत सांगण्यासारखं एक. जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. काळी नदी ह्याच तालुक्यात दिग्गीच्या बाजूला उगवते. अणशी उतरलात की तीच नदी पुन्हा भेटते, आणि पार समुद्रापर्यंत सोबत येते. वाटेत चहाला थांबलात तर मराठीतच बोला, सगळीकडं चालते.

रेल्वेनं जायचं असेल तर लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, मडगाव, आणि मडगावला गाडी बदलून कोकण रेल्वे. कारवारचं स्टेशन गावाबाहेर शिरवाडला आहे, तिथनं रिक्षा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन हा द्राविडी प्राणायाम कशाला?

येळ्ळूर_वेस

जांबोटी क्रॉस, हे सोन्यासारखं काम केलंत. जाताना अणशीनं, येताना मडगाव-अनमोडकडनं असं केलं तर?

जांबोटी_क्रॉस

चालेल की. कारवारहून पोळेंची हद्द जवळच, मग काणकोण, मडगाव, मोलें, अनमोड. फक्त रविवारी संध्याकाळी अनमोडात अडकू नका. गोव्याहून परतणारं अर्धं बेळगाव तिथं भेटतंय.

कोडीबागकर

मी कारवारचाच. कोडीबागेत घर, जिथं काळी समुद्राला मिळते तिथंच. तिसरं गेट यांनी "एक बीच, एक जहाज" लिहिलंय ते वाचून हसलो. आता जहाजाशेजारी विमानही आलंय, तेवढं वाढवा.

जहाज म्हणजे आयएनएस चपळ, क्षेपणास्त्र सोडणारी बोट, रशियन बनावटीची. निवृत्तीनंतर ती रवींद्रनाथ टागोर बीचवर आणून ठेवली आणि आत संग्रहालय केलं. बोट दिसते छोटी, आत शिरल्यावर कळतं की त्या अरुंद जागेत माणसं कशी राहत, कशी झोपत असतील. पाचवीतल्या पोराला हे फार आवडेल. वडिलांना आतले जिने अवघड जातील, त्यांना बाहेर बाकावर बसवा. शेजारी तुपोलेव्ह १४२ आहे, नौदलाचं लांब पल्ल्याचं टेहळणी विमान. ही विमानं २०१७ साली निवृत्त झाली आणि त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं. त्याच्या पंखाखाली उभं राहिलं की केवढं ते कळतं. तिकीट किरकोळ.

हे सगळं सकाळच्या उन्हाआधी उरकायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरातसुद्धा आमच्याकडं अकरा वाजता घाम काढतो. बेळगावची गार हवा अंगवळणी पडलेली माणसं इथं येऊन दुपारी बीचवर फिरतात आणि मग डोकं धरून बसतात. दुपार घरात काढा.

जवाहर_वाचनालय

"चपळ"बद्दल एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण बरेच लोक तिथं उभं राहून पोरांना सांगतात की ह्याच बोटीनं १९७१ साली कराची जाळली. तसं नाही. ते काम ह्याच जातीच्या आधीच्या बोटींचं, निपात, निर्घात, वीर. चपळ नौदलात आली १९७६ साली. घराणं तेच, युद्ध मात्र तिच्या आधीचं.

सीमावासी_५६

सगळे मासे आणि बोटी बोलालाय, मूळ मुद्दा कुणी बोलंना. कारवार आपलं आहे. मुंबई राज्यात होतं, १९५६ ला उचलून म्हैसुरात घातलं. येळ्ळूर वेस, तुमच्या वडिलांना माझा दंडवत. बीचवर एक भगवा लावून फोटो काढा.

तिसरं_गेट

झालं, धागा पेटला.

कोडीबागकर

सीमावासी, रागावू नका, पण कारवारात राहणाऱ्याचंही ऐका. माझे आजोबा मुंबई राज्यातल्या कारवारात वाढले, वडील म्हैसूर राज्यात शिकले, मी कर्नाटकात. घर तेच, विहीर तीच. घरात कोकणी, शाळेत कन्नड, देवघरातली पोथी मराठी. बाजारात ज्याला जी येईल ती. तुमच्या घोषणेत आमच्या गावाचं नाव आहे हे इथल्या जुन्या माणसांना चांगलं माहीत आहे. आमच्यातही काही जण महाराष्ट्रात जाऊया म्हणायचे, काही गोव्यात जाऊया म्हणायचे, काहींना आहे तिथंच बरं वाटायचं. आजच्या पोरांना विचाराल तर त्यांना पूल धड पाहिजे.

काळीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये मध्यरात्री कोसळला. ट्रक नदीत गेला, ड्रायव्हर नशिबानं वाचला. त्या रात्रीपासून आमच्याकडं राजकारण म्हणजे पूल.

येळ्ळूर वेस, वडिलांना जरूर आणा. त्यांच्याशी मराठीत बोलणारी म्हातारी माणसं इथं संध्याकाळी बीचच्या कठड्यावर बसलेली असतात. गप्पा मारू देत. झेंडा मात्र घरी ठेवा.

सीमावासी_५६

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, एवढंच लिहून थांबतो. कोडीबागकर, तुमच्याविषयी राग नाही.

संपादक

मंडळी, सीमाप्रश्नाला आपल्याकडं वेगळा विभाग आहे. इथं प्रवासाचं चालू द्या.

जवाहर_वाचनालय

प्रवासाचंच लिहितो, पण थोडं मागं जाऊन. वडील जुन्या चळवळीतले आहेत म्हणता, तर त्यांना कारवारात नुसती वाळू दाखवून भागणार नाही.

उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. म्हणजे आपण ज्याला "मुळात मुंबईचं" म्हणतो तेही कुणीतरी एकदा इकडून उचलून तिकडं ठेवलेलंच होतं. हे वडिलांना हळूच सांगा, जेवण झाल्यावर.

कारवारला इंग्रज आले १६३८ च्या सुमारास, वखार घालायला. इथली मलमल आणि मिरी त्यांना हवी होती. १६६५ साली शिवाजी महाराज बसरूरची स्वारी आटोपून, गोकर्णाला स्नान करून, अंकोल्यावरून कारवारला आले. गावातून खंडणी गोळा झाली, त्यात इंग्रजांच्या वखारीनं आपला हिस्सा म्हणून ११२ पौंड भरले. वखारीच्या कागदांत ह्याची नोंद राहिली. इंग्रज जीव देईल, हिशेब लिहायचं सोडणार नाही.

पुढची गोष्ट रवींद्रनाथांची. बीचला त्यांचं नाव का? त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. परीक्षा उतरलेले पहिले भारतीय. ते कारवारला न्यायाधीश होते. १८८३ साली बावीस वर्षांचे रवींद्रनाथ भावाकडे येऊन राहिले आणि इथं त्यांनी एक पद्यनाटक लिहिलं. आपल्या आठवणींत त्यांनी कारवारच्या किनाऱ्याबद्दल जिव्हाळ्यानं लिहून ठेवलंय. एका चांदण्या रात्री होडीतून काळी नदीत वर गेले, वाटेत शिवाजीचा जुना डोंगरी किल्ला म्हणून एका ठिकाणी उतरले, एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात बसून जेवले, आणि परतताना होडी प्रवाहावर सोडून दिली. किल्ल्याचं नाव त्यांनी दिलेलं नाही. नदीच्या मुखावरचा सदाशिवगड म्हणाल तर तो सोंद्याच्या राजांनी बांधलेला, महाराजांच्या नंतरचा. पण कोकणात कुठल्याही किल्ल्याला शिवाजीचा म्हणायची रीत तेव्हाही होतीच.

शहापूरची_सून

मास्तर, बोट आणि पुस्तक दोन्ही झालं. आता पोटाचं बोलूया.

मासे. कारवारचा माणूस सकाळी बाजारात काय आलंय ते बघून मग जेवणाचं ठरवतो. तुम्हीही तेच करा. बायकोला घेऊन सकाळी बैतखोलच्या बंदराकडं एक चक्कर मारा. ट्रॉलर आलेले असतात, टोपल्या उतरतात, लिलावाचा गोंगाट असतो. पोरांना पोहण्याइतकीच ही गंमत वाटते. पायात जुनी चप्पल घाला. दिवाळीनंतर बांगडा, तारली, सुंगटं म्हणजे कोळंबी भरपूर. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, १ जून ते ३१ जुलै, त्या दिवसांत जाऊन "ताजी सुरमई द्या" म्हणणाऱ्याला आमच्याकडं हसतात.

कारवारची खरी ऐट मोठ्या माशांत नसते. काळीच्या मुखाशी खाऱ्या-गोड्या पाण्यात तिसऱ्या म्हणजे शिंपल्या आणि कालवं होतात. तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी मिळाली तर सुरमईच्या तव्याकडं बघूसुद्धा नका. नगली मासा मिळाला तर रव्यात तळून. हॉटेलचं नाव मुद्दाम लिहित नाही. मोठ्या पाटीचं, एसीचं टाळा. जिथं दुपारी एकला बँकेतली आणि कचेरीतली माणसं ताटाची वाट बघत उभी असतात तिथं शिरा, एवढी खूण पुरे. थाळीत सोलकढी वाटीत येते, परत मागितली तर देतात.

आईंसाठी काळजी नको. उडुपी पद्धतीची हॉटेलं गल्लोगल्ली आहेत. नीर दोसा, बन्स, गोळी भजे. बन्स म्हणजे पावाचे नव्हेत, केळं घालून मळलेल्या पिठाच्या गोडसर फुगीर पुऱ्या. बालवाडीतली पोरगी त्याच्यावरच दोन दिवस काढेल.

खडेबाजार_कोपरा

आक्का, बेळगावच्या बाजारात कारवारचा म्हणून जो बांगडा मिळतो तो आणि तिथला, काही फरक?

शहापूरची_सून

बर्फातला प्रवास फरक करतोच की. तिथं डोळे लाल झालेला मासा कुणी घेत नाही. इथं आपण घेतो आणि वर घासाघीस करतो.

कोडीबागकर

येळ्ळूर वेस, आता दोन दिवसांचं.

पहिल्या दिवशी घाटातून येईपर्यंत दुपार होणार. जेवा, झोपा. चारनंतर बीच. समोर समुद्रात काही बेटं दिसतील. एक कुर्मगड, कासवाच्या आकाराचं, त्यावर नरसिंहाचं देऊळ. त्याची जत्रा जानेवारीत असते, सगळं कारवार होड्यांतून जातं. एक देवगड, त्यावर दीपगृह. बीचवर सुरूची झाडं आहेत, वाळू कठीण आहे, वडील आरामात चालतील. चार पदरी रस्ता आणि उड्डाणपूल आता बीचच्या डोक्यावरून गेलाय, त्याचं दुःख आम्ही करतो, तुम्हाला ते जाणवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदर, मग चपळ आणि विमान. तिथून काळीचा पूल ओलांडून सदाशिवगड. हमरस्ता डोंगर फोडूनच गेलाय, तेव्हा किल्ला शोधावा लागत नाही. तटबंदी फारशी उरलेली नाही, आधीच सांगतो, राजहंसगडासारखं काही डोळ्यांपुढं आणू नका. पण वरून एका बाजूला नदी समुद्रात शिरताना, पूल, कोडीबाग, माझ्या घराचं छप्परसुद्धा दिसतं. गाडी बरीच वरपर्यंत जाते. दुर्गादेवीचं देऊळ आहे, आणि पायथ्याला दर्गाही आहे. दोन्हीकडं सगळे जातात.

दुपारनंतर देवबाग. काळीच्या पलीकडची वाळूची पट्टी, सुरूचं दाट बन. कोडीबागेतून होड्या मिळतात. होडीवाल्याशी आधी दर बोला, आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात असल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका, वडिलांच्या आणि पोरीच्यासुद्धा. जानेवारी २०१९ मध्ये कुर्मगडच्या जत्रेहून येणारी बोट उलटून आमच्याकडं मोठा अनर्थ झाला, लहान पोरं गेली. "जवळच जायचंय, जॅकेट कशाला" असं म्हणणाऱ्या होडीत बसायचं नाही, बस्स. नशीब असलं तर सकाळच्या वेळी मुखाशी डॉल्फिन दिसतात. "डॉल्फिन गॅरंटी" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तिसरं_गेट

आणि तिळमाती? फोटो फार फिरालाय त्याचा.

कोडीबागकर

माजाळीच्या पुढं, गोव्याच्या हद्दीजवळ. काळी भरड वाळू, छोटासा किनारा, बाजूला पांढऱ्या वाळूचा. बघण्यासारखा आहे, पण माजाळीच्या टोकावरून डोंगरावरनं पायवाटेनं जावं लागतं. वडिलांना आणि बालवाडीला नको. तुम्ही आणि पोरगा जाऊन या, बाकीचे माजाळीला बसतील.

जवाहर_वाचनालय

अंजदीव राहिलं. दिसेल, पण जाता येणार नाही. कारवारच्या दक्षिणेला अरग्याच्या बाजूला ते बेट आता नौदलाच्या तळात आहे. हा तळ म्हणजे आयएनएस कदंब, २००५ साली सुरू झाला, आणि त्यासाठी तिथली किनाऱ्यावरची गावं उठली.

मुंबईशी ह्या बेटाचं जुनं नातं आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. ती ताब्यात घ्यायला इंग्रज सैनिक आले, तर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट सोडायला नकार दिला. मग ते सैनिक नाइलाजानं अंजदीववर उतरून राहिले. ताप आणि हगवणीनं शेकड्यांनी मेले. त्यांचा सेनापती अब्राहम शिपमन १६६४ साली तिथंच वारला. उरलेली मूठभर माणसं पुढच्या वर्षी मुंबईला पोचली. पोर्तुगीज मात्र अंजदीववर डिसेंबर १९६१ पर्यंत होते. गोवा मुक्तीच्या कारवाईत त्या बेटावर उतरताना आपले नौसैनिक कामी आले. लांबून का होईना, वडिलांना दाखवा.

कोडीबागकर

दाखवा, पण त्या बाजूला कॅमेरा काढू नका. नौदलवाले विचारपूस करतात आणि तुमची अर्धी संध्याकाळ जाते.

हिंदवाडी_नाटकवाला

मास्तर, नाटकाचं तुम्ही कसं विसरलात? सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला पहिला खेळ केला तो कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. तीच यक्षगानाची परंपरा उत्तर कानड्यात अजून जिवंत आहे. दिवाळीनंतर पाऊस थांबला की मेळे, म्हणजे यक्षगानाच्या मंडळ्या, फिरायला लागतात. अंकोला, कुमठा, होन्नावरच्या बाजूला रात्रभर खेळ चालतो. भाषा कन्नड, पण चेंडा वाजला की भाषेचं कोण विचारतंय. गावात पाटी दिसली तर तासभर तरी बसा. वडील उठणार नाहीत, पैज.

येळ्ळूर_वेस

वडिलांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मद्रास इलाख्याचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "ते बघू." ११२ पौंडांवर मात्र खूष. आता सदाशिवगड पक्का, यक्षगान पक्कं, आणि कठड्यावरच्या म्हाताऱ्यांना भेटायचंच म्हणून नवा शर्ट काढून ठेवलाय.

राहायचं कुठं? बीचच्या समोर की गावात?

कोडीबागकर

गावात, मेन रोडच्या आसपास. बीच तिथनं चालत येतो आणि आईंना देऊळ, बाजार जवळ पडतो. सज्जेश्वराला नेऊन आणा त्यांना, शेजवाडला. गोकर्णाच्या आत्मलिंगाच्या कथेतल्या पाच ठिकाणांतलं ते एक. देवबागेतलं राहणं छान असतं, पण महाग, आणि रात्री औषध लागलं तर नदी मध्ये येते. तुमच्याबरोबर वडील आहेत. शनिवार-रविवार टाळता आला तर बघा, रविवारी संध्याकाळी बीचवर हुबळी-धारवाड उतरतं.

शहापूरची_सून

येताना सुकं आणायला विसरू नका. सुके बांगडे, सुकी सुंगटं, बाजारात बायका बसतात त्यांच्याकडून. वास घेऊन घ्या. दमट लागलं तर परत ठेवा, बेळगावात येईपर्यंत बुरशी धरेल.

येळ्ळूर_वेस

आक्का, गाडी नवीन आहे. आई शाकाहारी. चार तास काचा बंद.

शहापूरची_सून

स्टीलच्या डब्यात भरा, डबा पिशवीत, पिशवीला गाठ, पिशवी डिकीत. आणि आईंना शक्ती योजनेनं पाठवा.

खडेबाजार_कोपरा

मला पण अर्धा किलो सुंगटं आण रे. पैसे लगेच टाकतो.

निपाणी_नाका

उशिरा आलो. ह्याच दोन दिवसांत गोकर्ण आणि मुरुडेश्वर पण बसवता येईल का? आम्ही पण निघालोय, अकरा माणसं, टेम्पो ट्रॅव्हलर.

कोडीबागकर

गोकर्ण ओढूनताणून होईल. मुरुडेश्वर नाही. वेगळा धागा काढा, तिथं सांगतो.